बिनबियांची

माझ्या लिखाणानं आजवर एकाच माणसाचं भलं झालं आहे, आणि तेही मी त्या माणसाची अब्रू पेपरात छापली म्हणून. ते माणूस म्हणजे माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. ती टेनिस खेळायची. फार चांगलं खेळायची असं म्हणवत नाही. पण खेळायची, आणि त्या काळात आमच्या मुलखात तेवढ्यावरसुद्धा लोक गाडी थांबवून बघत.

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली मधली वर्षं असतील. मी सांगलीत एका दैनिकाचा वार्ताहर होतो. कुस्त्या, कारखान्यांच्या सभा आणि हरवलेल्या म्हशी एवढा प्रांत माझ्याकडे होता. बी.ए.ला मी एकदा इंग्रजीत गचकलो होतो आणि इंग्रजी सुटल्यावर मराठीत, त्यामुळे दोन्ही भाषांवर माझी सारखीच पकड आहे असं संपादकांचं मत होतं. क्रीडेचं पान त्यांनी त्याच भरवशावर माझ्या गळ्यात घातलं.

मामा फौजेतून सुभेदार होऊन परतलेला. त्याचं गाव सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडच्या अलीकडे, कृष्णेच्या काठी. फौजेतून परतताना कुणी ट्रंक आणतं, कुणी मिशा आणतं. मामानं टेनिस आणलं. छावणीत तो कर्नलसाहेबांबरोबर खेळायचा. साहेबाला हरवायचं नाही, आणि आपण मुद्दाम हरतोय हे साहेबाला कळू द्यायचं नाही, या कौशल्यावर त्याची बढती झाली असं माझी आई म्हणायची. गावी आल्यावर त्यानं खळ्यावर दोरी धरून मापं घेतली, चुन्यानं रेघा मारल्या आणि दर रविवारी शेणानं सारवायला गडी लावला. मध्ये बांधलेलं जाळं नदीवरच्या कोळ्याचं होतं. त्याला मासळीचा वास यायचा, त्यामुळे सरावाला प्रेक्षक म्हणून गावातली सगळी मांजरं हजर असत. सुगी आली की टेनिस बंद आणि ज्वारीची मळणी सुरू.

या खळ्यावर पोरगी तयार झाली. तिच्या खेळात एकच गुण होता. आलेला चेंडू ती परत धाडायची. जोरात नाही, तिरका नाही, नुसता परत, उसना आणलेला पाटा-वरवंटा परत करावा तसा. समोरचं माणूस कंटाळून चुकेपर्यंत तिचा धीर सुटायचा नाही. पण सारवलेल्या जमिनीवर चेंडू गुडघ्याच्या वर उठत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या कोर्टावर तो थेट खांद्याशी येऊन विचारपूस करतो. त्यामुळे जिल्ह्यात ती अजिंक्य होती, कारण जिल्ह्यात दुसरी कुणी खेळतच नव्हती. आणि जिल्ह्याबाहेर पहिल्या फेरीत हरायची. राज्याच्या यादीत तिचा नंबर शेवटून दुसरा. शेवटची मुलगी लग्न होऊन परदेशी गेली होती, तिचं नाव काढायचं राहून गेलं होतं.

स्पर्धांना तिच्याबरोबर कोण जाणार, हा प्रश्न होता. मामाला उसाचं पाणी सोडून हलता येत नसे. मग माझी नेमणूक झाली. मामाच्या मुलीवर आत्याच्या मुलाचा पहिला हक्क असतो, तेव्हा दोघं एका बाकावर दिसली तरी लोक फार तर तारीख विचारतील, असा सरळ हिशेब. मी तिची पिशवी धरायचो, पाण्याचा तांब्या धरायचो आणि एसटीत खिडकी धरायचो.

तिची रॅकेट लाकडी. ती वाकू नये म्हणून दोन लाकडी चौकटींत घालून चार कोपऱ्यांना स्क्रू आवळलेले असत. कंडक्टर हटकून विचारायचा, हे काय? एकदा मी सांगून टाकलं, उंदराचा पिंजरा. तो म्हणाला, "मग उंदीर सापडला की न्हाई अजून?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सापडलाय की. पिशव्या उचलतोय."

तिचा पोशाख मामीनं शिवलेला. खेळाचा नियम गुडघ्याच्या वर बोलवत होता आणि गावाची लाज घोट्याकडे ओढत होती. मामीनं तह केला आणि पांढरा झगा पोटरीवर थांबवला. तो घालून ती कोर्टावर आली की समोरच्या मुलीला वाटायचं, नर्स आली.

आणि मी एक लबाडी करायचो. स्पर्धा तीन-चार दिवसांची असायची, पण मी परतीचं आरक्षण पहिल्याच दिवशी संध्याकाळचं करून ठेवायचो. अनुभवावरून. पुण्याहून परत येताना एकदा लोणंद स्टेशनात गाडी थांबली, मी चहा आणायला उतरलो, आणि येऊन बघतो तर तिच्या हातात माझ्या पाकिटातली तिकिटं. ती काढल्याची तारीख आदल्या आठवड्याची होती. तिनं चहा घेतला, अर्धा प्यायली आणि म्हणाली, "माझ्या आधी तूच हरतोस की रे."

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वर्षी माझ्या आईनं भावापुढं विषय काढला. पोरगी विशीच्या पुढं गेली, पोरगा कमावतो म्हणतो, आता किती दिवस पळवायची? मामाचा जीव टेनिसमध्ये होता, पण बहिणीपुढं फौज चालत नाही. त्यानं मधला रस्ता काढला. सांगलीच्या जिमखान्यावर फेब्रुवारीत राज्याची स्पर्धा भरणार होती. मुलीला समोर बसवून तो म्हणाला, "पोरी, एक म्याच मारून दाव. एकच. मारलीस तर तुझा बाप तुला म्हातारी होस्तवर खेळवील. न्हाई मारलीस तर येत्या उन्हाळ्यात आत्याच्या घरी."

आत्याचं घर म्हणजे मी. जिंकली तर टेनिस, हरली तर मी. जगात लोक हरले की चषक जातो, मान जातो. हिला हरल्यावर मिळणार होतं ते बक्षीस तिथंच बसून शेंगा खात होतं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. खळ्यावरच्या मांजराकडं बघायची तसंच.

मला काय वाटत होतं ते आता सांगायला हरकत नाही. मला ती आवडत होती. तिनं जिंकावं असंही वाटत होतं, आणि हरली तर देवाची इच्छा असंही वाटत होतं. देवावर असा भार टाकायला मी त्या महिन्यात दोनदा गणपतीला जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा नक्की काय मागायचं ते न ठरल्यानं नुसता प्रसाद खाऊन परतलो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी जिमखान्यातून सामन्यांचा तक्ता मिळाला. टंकलिखित, सगळा इंग्रजीत. पहिल्याच फेरीत आमच्या पोरीसमोर मुंबईची एक मुलगी. तिच्या नावापुढं कंसात दोन आकडा आणि शेजारी 'सीडेड'. आमच्या पोरीच्या नावापुढं काही नाही, आणि खाली टीप की बाकीच्या सगळ्या 'अनसीडेड'.

स्पर्धेत बलाढ्य खेळाडूंना आधीच क्रमांक देऊन वेगवेगळ्या ठिकाणी मांडतात, त्याला मराठीत 'मानांकन' म्हणतात, हे मला आज माहीत आहे. तेव्हा नव्हतं. कुणाला विचारावं तर वार्ताहराची शान जाते. मी शब्दकोश काढला. सीड म्हणजे बी. म्हणजे ती मुंबईची बियांची आणि आपली बिनबियांची. क्षणभर मीही थबकलो. पण त्या वर्षांत आमच्याकडं तासगावच्या बाजूला बिनबियांच्या द्राक्षांचं नवं वारं आलं होतं. ज्याच्या मळ्यात बियांची द्राक्षं तो मागासलेला, ज्याच्या मळ्यात बिनबियांची तो सुधारलेला. पाहुण्यांपुढं लोक मणी चावून दाखवत, बघा, बी लागतं का. तेव्हा बिनबियांची म्हणजे जातिवंत, नवी, गोड. मला उलगडाच झाला. मुंबईच्या मुली जुन्या वाणाच्या, आपली सुधारित.

घरी बसून मी बातमी लिहिली. ती आमच्याकडेच उतरली होती. दिवेलागणीला ओसरीवर बसून रॅकेटच्या मुठीला पट्टी गुंडाळत होती. मी तिला बातमी वाचायला दिली. तिनं ती दोनदा वाचली. मग माझं पेन मागून घेतलं आणि म्हणाली, "बी दीर्घ, पण बियांची म्हटलं की ऱ्हस्व. तू सगळीकडं दीर्घ केलंयस." पाच ठिकाणी तिनं वेलांटी दुरुस्त केली, कागद परत दिला.

मी विचारलं, कशी झालीय?

"छान आहे. दे छापायला."

सकाळी अंकात दोन कॉलमी मथळा: 'बिनबियांच्या मुलीची आज बियांच्या मुलीशी गाठ'. खाली मी लिहिलं होतं की सातारा जिल्ह्याची ही गुणी कन्या पूर्णपणे बिनबियांची असून तिच्या वडिलांनी तिला लहानपणापासून तसेच तयार केले आहे, आणि या भागाला तिच्याकडून गोड अपेक्षा आहेत.

आई सकाळी दळण घेऊन गिरणीत गेली होती. तिथं पीठवाल्यानं पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. आई दळण तिथंच टाकून आली. मी दाढी करत होतो. ती चौकटीत उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सून म्हणून ठरवली तीच वांझ म्हणून छापलीस व्हय रं?"

अर्धी दाढी घेऊन मी खेळातला अर्थ समजावायला बसलो. म्हटलं, आई, बी असलेल्या म्हणजे वरच्या दर्जाच्या, नसलेल्या म्हणजे... इथं मला प्रथमच तक्त्याचा खरा अर्थ लागला, आणि मी थांबलो. आईनं वाक्य पुरं केलं, "म्हंजे हलका माल." पोरगी आत ताक घुसळत होती. तिची रवी एक क्षणही थांबली नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं. किती सहनशील, असं मनात आलं.

दुपारी मामा आला. पेपर कऱ्हाडच्या स्टँडवर त्याला एका जुन्या जवानानं अभिनंदन करून दिला होता. पायात फौजी बूट, काखेत गुंडाळलेला पेपर. मला वाटलं मारतो. त्यानं मारलं नाही. दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली आणि चौकशीला बसावं तसा बसून म्हणाला, "मला एवढंच सांग. तुला कसं कळलं?"

नाही कळलं म्हणावं तर मग छापलं कसं. कळलं म्हणावं तर मामाच्या बुटाला नाल होती. मी शब्दकोश पुढं केला. मामानं तो उघडला नाही. सामन्याची वेळ झाली म्हणून मी वाचलो.

जिमखान्यावर त्या आधी टेनिसला वीस माणसं जमली तर चौकीदाराला धास्ती वाटायची. त्या दिवशी भिंतीवरसुद्धा माणसं होती. तालमीतली पोरं होती, वकील होते, तीन बैलगाड्या बाहेर सोडलेल्या. माझ्या शेजारी तासगावकडचा एक फेटेवाला बागायतदार बसला होता. द्राक्षाचं प्रदर्शन हाय म्हणून आलो, म्हणाला, पण आलोच हाय तर बघून जातो. खेळ सुरू झाला आणि तालमीतल्या पोरांनी दोन्ही बाजू वाटून घेतल्या. चेंडू आमच्या पोरीनं परत धाडला की एक घोळका ओरडायचा, हाण बिनबियांची; पलीकडून परत आला की दुसरा, हाण बियांची. मुंबईच्या मुलीला आपल्याला बियांची का म्हणताहेत हे कळेना. ती दर वेळी पंचाकडं बघायची, पंच मराठी नव्हता, तो माझ्याकडं बघायचा, आणि मी वहीत काहीतरी लिहायचो.

तीन डावांचा सामना. पहिला डाव मुंबईच्या मुलीनं पाणी प्यावं तसा घेतला. दुसऱ्यात मात्र आमची पोरगी तिच्या धर्मावर आली. परत, परत, परत. एकेक चेंडू जाळ्यावरून असा जायचा की जणू त्याला जायची घाई नाही. मुंबईची चिडली, जोरात मारू लागली, बाहेर मारू लागली, आणि डाव गेला. मामा माझ्यापासून चार खुर्च्या पलीकडं ताठ बसला होता, त्याच्या शेजारी आई. त्याच्या मांडीवर तो पेपर होता. एक डाव. एक डाव घेतला की म्हातारी होस्तवर खेळ.

बागायतदार माझ्या कानाशी म्हणाला, "बिनबियांचा माल नाजूक. दिसाय देखणा, पर टिकत न्हाई."

आयुष्यात मला एकाच माणसाचा गळा धरावासा वाटला, तो हा. आणि तेव्हाच मला कळलं की तिनं जिंकावं असंच मला वाटतंय, देवाची इच्छा वगैरे काही नाही. उशीर झाला होता. तिसऱ्या डावात उन्हं तिच्या तोंडावर आली, झगा पोटऱ्यांना चिकटला, आणि चेंडू पुन्हा खांद्याशी येऊ लागले. ती शेवटच्या चेंडूपर्यंत परत धाडत राहिली. शेवटचा जाळ्याच्या पट्टीवर बसला, त्यानं विचार केला आणि तो तिच्याच बाजूला पडला.

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. ती हरली हे अर्ध्यांना कळलंच नव्हतं. मामा उठला, मुलीच्या डोक्यावर टॉवेल टाकला आणि बहिणीकडं म्हणजे माझ्या आईकडं बघून मान डोलावली. शब्द म्हणजे शब्द. उन्हाळ्यात.

आई म्हणाली, "न्हाई दादा."

सगळ्यांदेखत. मामाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. आईनं समजावलं की पोरगी गुणाची आहे, पण पेपरात छापून आलंय, गिरणीत वाचलंय, उद्या माझ्या एकुलत्या एका पोराचा वंश थांबला तर लोक म्हणतील डोळे मिटून सून केली. मामा म्हणाला, पण छापलं तुझ्याच पोरानं. आई म्हणाली, "व्हय की. घरचाच माणूस सांगतोय म्हंजे खरंच असंल."

आता फौज जागी झाली. मामा म्हणाला, "माझी पोरगी नाकारतीस? मग ऐक. तुझ्या ह्या छापखान्याला पोरगी देण्यापरीस मी तिला जन्मभर चेंडू मारायला लावीन." आणि मुलीचा हात धरून तो स्टँडकडं निघाला. पिशवी तिनंच उचलली. जाता जाता ती मला म्हणाली, "आजचं आरक्षण केलं होतंस का?" केलं नव्हतं. त्या एकाच दिवशी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खुलासा छापला, तो जुने वाचक अजून तोंडपाठ म्हणून दाखवतात: 'सदर खेळाडूस बी नाही हे खरे असले तरी ते तिच्या खेळापुरतेच असून, पुढील काळात प्रयत्न केल्यास तिला बी मिळू शकते.' संपादकांनी क्रीडेचं पान काढून घेतलं आणि मला परत म्हशींवर नेमलं.

मामानं शब्द पाळला. दोन वर्षं तिला एकही स्थळ आलं नाही, आणि तेवढ्या काळात ती एकटीनं, मामीला बरोबर घेऊन, नागपूरपासून बेळगावपर्यंत खेळून आली. चेंडू कितीही वर उठला तरी परत धाडायचं शिकली. यादीत शेवटून पाचवी झाली. मग एका बँकेनं तिला खेळाडू म्हणून नोकरीत घेतलं. सकाळी हजेरीपटावर सही करायची आणि दुपारी बँकेसाठी हरायचं; पण आता त्याला पगार होता आणि पोशाख शिंप्यानं शिवलेला होता. माझं लग्न जतच्या पलीकडं झालं. मुलीकडं घरात कानडी बोलत, आणि त्या गावात मराठी पेपर जात नसे. आईनं मुद्दाम चौकशी केली होती.

दशक संपता संपता बँकांच्या सामन्यांसाठी ती सांगलीत आली. मी जिमखान्यावर भेटायला गेलो. दोघं पायरीवर भडंग खात बसलो. मी म्हटलं, एकदा तुझी माफी मागायची आहे, तो शब्द मला खरंच माहीत नव्हता.

ती म्हणाली, "मला माहीत होता."

मी भडंगाचा घास तोंडाशी धरून बसलो.

"मानांकन. दर स्पर्धेत तक्ता लावला की मी पहिलं तेच बघायची, माझ्या नावापुढं आहे का. नसायचं. तुला काय वाटलं, तीन वर्षं स्पर्धा खेळले, आणि मला सीडेड म्हणजे काय ते कळणार नाही?"

"मग सांगायचं होतंस त्या संध्याकाळी."

"मुंबईच्या पोरीसमोर मी जिंकणार होते का? खरं सांग. तूच दर वेळी त्याच दिवसाचं तिकीट काढायचास." तिनं शेंगदाणे वेचून वेगळे केले. "हरल्यावर लग्नातून वाचायला एकच वाट होती, आणि ती तूच लिहून आणलीस. मी नुसत्या वेलांट्या बघितल्या."

नाकारलं जाण्याची मला सवय आहे. पण मुलीनं माझ्याच हस्ताक्षरात, शुद्धलेखन तपासून मला नाकारलं होतं, हे पचायला भडंगाचा दुसरा पुडा लागला. शेवटी एवढंच विचारलं, वांझ म्हणवून घेणं बरं वाटलं होय तुला?

"बरं कसं वाटंल? रात्रंदिवस ऐकलं दोन वर्षं," ती म्हणाली. "पण खळ्यावर पुन्हा सारवण घातलं बापानं."

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या फेरीत जिंकली. चक्क जिंकली. कार्यालयात क्रीडेचा माणूस रजेवर होता, म्हणून संपादकांनी नाइलाजानं मला बातमी करायला सांगितली. मी चार ओळी लिहिल्या, प्रत्येक शब्द दोनदा तपासला आणि तिला दाखवायला नेल्या. तिनं बाकावर बसून वाचल्या, पेन मागितलं, एका ठिकाणी वेलांटी नीट केली.

"छान आहे," ती म्हणाली. "दे छापायला."

मी कागद खिशात घातला, कार्यालयात आलो आणि संपादकांना सांगितलं की आज टेनिसचं काही झालं नाही.